मधे एकही खांब नको असेल तर: चोवीस फुटी हॉलसाठी सागवानी कैच्या

विचारणा थोडक्यात अशी. नागपूरच्या बेसा भागात घर बांधून झालंय, मागच्या बाजूला २४ बाय ३६ फुटांचा एक मोकळा हॉल काढायचाय. मुलीचा कथकचा वर्ग, घरचं कार्य, उन्हाळ्यात आलेले पाहुणे, सगळं तिथेच व्हावं. मधे खांब नको, स्लॅब नको. वर सागवानी कैच्या (छप्पर पेलणाऱ्या लाकडी त्रिकोणी चौकटी) आणि कवेलू, आणि खालून सिलिंग न लावता लाकूड दिसलं पाहिजे. सुतार म्हणतो, ‘सहा बाय आठचं लाकूड घाला, हत्ती उभा राहील.’ तर लाकूड किती जाड घ्यायचं, कैच्या किती अंतरावर ठेवायच्या, खालची आडवी तुळई काढून टाकली तर चालेल का, आणि कैचीला झोपाळा टांगता येईल का?

जाडीचा प्रश्न पहिला विचारला जातो, पण कैचीच्या बाबतीत तो सगळ्यात सोपा आहे. खाली हिशेब दिलाय, त्यातून दिसेल की २४ फुटांच्या गाळ्याला, म्हणजे दोन भिंतींमधल्या मोकळ्या अंतराला, सुतार सांगतो त्याहून बारीक लाकूड पुरतं. मी आजवर ज्या बिघडलेल्या कैच्या पाहिल्या, त्यांत लाकूड मधेच मोडल्याची उदाहरणं फार थोडी. बाकी सगळ्या सांध्यात सुटलेल्या, भिंतीत कुजलेल्या किंवा वाऱ्याने उचललेल्या. म्हणून नकाशा काढतानाच सांध्यांपासून सुरुवात करा. कुठलं लाकूड दाबलं जातंय आणि कुठलं ओढलं जातंय, हे आधी समजून घ्या. मग बाकीचं जागेवर बसतं.

आपल्याकडची जुनी घरं खणांत मोजली जात. एका खणाची रुंदी हाताशी असलेल्या लाकडाच्या लांबीने ठरायची, त्यामुळे खोल्या लांब असल्या तरी रुंद क्वचितच असत. रुंदी वाढवायची तर मधे खांब यायचाच. खांब काढून टाकायचा म्हणजे त्याचं काम त्रिकोणाला द्यायचं. दोन बाजूंची तिरपी पाख्याची लाकडं, खाली त्यांना बांधून धरणारी तुळई, मधे उभा किंग पोस्ट, आणि त्याच्या पायथ्यापासून पाख्याच्या मध्यापर्यंत दोन तिरपे टेकू. साधारण १६ ते २६ फुटांपर्यंत ही किंग पोस्ट कैची उत्तम चालते. त्याच्यापुढे, चाळीस फुटांपर्यंत, दोन उभ्या खांबांची क्वीन पोस्ट कैची घेतात. तुमचा गाळा २४ फूट आहे, म्हणजे किंग पोस्टच घ्या. जास्त सांधे घालून काही मिळणार नाही.

आता वजन. मंगलोरी कवेलू रिपांसकट पाख्याच्या दर चौरस मीटरला सुमारे ६५ किलो भरतं. आपलं देशी नळीचं कवेलू एकेरी घातलं तर ७० च्या आसपास, आणि दुहेरी घातलं तर थेट ११५ ते १२० किलोंवर जातं. देशी कवेलू हवंच असेल तर हे आधी ठरवा, कारण सगळे आकडे बदलतात. मंगलोरी धरून, ३० अंशांच्या उतारावर, वासे, पर्लिन (एका कैचीवरून दुसरीवर जाणारी आडवी लाकडं) आणि कैचीचं स्वतःचं वजन मिळवून जमिनीच्या मापाने दर चौरस मीटरला साधारण ११० किलो होतात. वर माणूस चढणं, दुरुस्ती वगैरेंसाठी आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागाप्रमाणे ४० किलो. एकूण दीडशे धरा.

कैच्या सहा-सहा फुटांवर ठेवल्या तर ३६ फुटांत मधल्या पाच येतात आणि दोन्ही टोकांना भिंतीच त्रिकोणी चढवून काम भागतं. प्रत्येक कैचीच्या वाट्याला साधारण १३.४ चौरस मीटर, म्हणजे सुमारे दोन टन. नऊ फुटांवर ठेवल्या तर कैच्या तीनच लागतील, पण पर्लिन जाड होतील, दर कैचीवरचं वजन दीडपट होईल आणि प्रत्येक सांध्यावरचा ताणही. लाकूड तुम्हाला दिसायला हवंय, म्हणून पाच कैच्यांची रांगच घ्यावी असं माझं मत आहे. एक कैची थोडी कमजोर निघाली तरी शेजारच्या आधार देतात, आणि खालून बघताना लयही चांगली दिसते.

दोन टन पेलणाऱ्या या कैचीत ३० अंशांच्या उताराला पाख्याच्या लाकडात टोकाशी दीड टन दाब येतो आणि तुळईत सुमारे १.३ टन ओढ. उतार ३० अंशांचा म्हणजे मधली उंची सात फूट. पैसे वाचवायला कोणी हीच उंची सव्वातीन फुटांवर आणली, म्हणजे उतार १५ अंशांचा केला, तर वजन तेवढंच राहूनही तुळईतली ओढ २.८ टनांवर जाते. छप्पर बसकं केलं की सांधे दुपटीने दमतात. शिवाय कवेलूला एवढा कमी उतार चालतच नाही, पावसाचं पाणी उलटं आत शिरतं. तीस अंशांच्या खाली जाऊ नका.

यातूनच तुळई काढून टाकण्याच्या प्रश्नाचं उत्तर निघतं. तुळई काढली तर दोन पाखी एकमेकांना टेकून उभी राहतील आणि खाली भिंतींना बाहेर ढकलतील. तुमच्या मापात ही ढकल दर सहा फुटांना, दोन्ही बाजूंना, साडेआठशे किलोंच्या आसपास येते. नऊ इंची विटेची दहा-बारा फूट उंच भिंत हे सहन करत नाही. आधी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते, मग आढं (छपराचा माथा) मधे बसतं आणि कवेलूची ओळ वाकडी दिसायला लागते. त्यात आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, म्हणजे पाया आधीच थोडा हलता. अशा भिंतीवर आडवी ढकल सोडणं मला अजिबात मान्य नाही.

मोकळं वाटावं म्हणून तुळई थोडी वर चढवणं, किंवा कात्रीसारखी एकमेकांना छेदणारी लाकडं घेणं, हे करता येतं. पण दोन्ही प्रकारांत पाख्याच्या लाकडात वाक येतो, सांध्यातलं बळ वाढतं आणि भिंतींवर थोडी ढकल उरतेच. चोवीस फुटांना हे इंजिनिअरकडून नीट सोडवून घेतल्याशिवाय नको. तिसरा आणि मला आवडणारा मार्ग म्हणजे तुळई लोखंडी सळईची करणं. १.३ टनांच्या ओढीला २० मिलिमीटरची साधी सळई, दोन्ही टोकांना आटे पाडून आणि मधे आवळता येईल असा टर्नबकल घालून, भरपूर पुरते. नजरेला ती जवळजवळ जाणवतच नाही आणि हॉल उंच वाटतो. एक अट मात्र आहे, ती वाऱ्याच्या संदर्भात पुढे सांगतो.

आता सांधे. इथे घाई करू नका.

पहिला सांधा टोकाचा, जिथे पाख्याचं लाकूड तुळईत खाच पाडून बसतं. पाखं तुळईच्या टोकाला बाहेरच्या दिशेने रेटत असतं. खाचेच्या पुढे तुळईचं जे टोक उरतं, तेच हा रेटा धरून ठेवतं. ते आखूड असलं की लाकूड शिरेच्या दिशेने चिरतं आणि टोकाचा तुकडा सरळ पुढे सरकतो. सागवानाचं शिरेच्या दिशेने कातरलं जाण्याचं बळ दर चौरस सेंटिमीटरला साधारण १० किलो धरलं आणि तुळई चार इंच रुंद असली, तर १.३ टनांना १३ सेंटिमीटर टोक हवं. पण टोकाकडूनच लाकूड वाळतं आणि तिथेच केसासारख्या चिरा पडतात, म्हणून मी खाचेच्या पुढे पूर्ण एक फूट सोडायला सांगतो. सुतार हे टोक भिंतीबाहेर येतं, ओबडधोबड दिसतं म्हणून कापायला जातो. कापू देऊ नका. खाच तुळईच्या उंचीच्या पाव भागापेक्षा खोल नको, आणि वरून लोखंडी पट्टी टाकून बोल्टने आवळा.

दुसरा सांधा मधला, आणि यात नेहमी गैरसमज होतो. किंग पोस्ट बघताना वाटतं की तो तुळईवर उभा आहे आणि आढ्याचा भार खाली देतोय. प्रत्यक्षात तो वरून लटकलेला असतो. दोन पाख्यांनी त्याचं डोकं पकडलेलं असतं, आणि तो तुळईला वर ओढून धरतो, टेकूंचा भारही वर पोचवतो. तेव्हा त्याच्या तळाशी नुसता कुसू (खाचेत बसणारी लाकडाची जीभ) घालून दोन खिळे मारले तर तो सांधा ज्या दिशेने काम करायचं त्याच दिशेने सुटा राहतो. तुळईच्या खालून वळसा घेऊन किंग पोस्टच्या दोन्ही अंगांना बोल्टने बसणारी यू आकाराची लोखंडी पट्टी हवी. मी किंग पोस्टचा तळ आणि तुळई यांच्यात अर्धा इंच फट ठेवायला सांगतो. पट्टी आवळली की फट कमी होते आणि सांधा ताणात आल्याचं डोळ्यांना दिसतं. कैची जमिनीवर जुळवतानाच तुळईला मधे इंचभर वरचा उठाव द्या. कवेलू चढल्यावर ती सरळ होते. उठाव नसेल तर ती खाली झुकलेली दिसेल, आणि खालून बघणाऱ्याला तेच खुपतं.

बोल्टच्या भोकापासून लाकडाच्या टोकापर्यंत बोल्टच्या जाडीच्या किमान सात पट अंतर ठेवा. १६ मिलिमीटरच्या बोल्टला म्हणजे साडेचार इंच. दोन्ही बाजूंना मोठे चौकोनी वायसर लावा, नाहीतर नट लाकडात रुततो. नुसत्या खिळ्यांवर जाड लाकडाची कैची कधीही जोडू नका. पातळ फळ्यांच्या खिळेजोड कैच्यांचा वेगळा शास्त्रशुद्ध प्रकार आहे, त्याला आयएस २३६६ हे स्वतंत्र मानक आहे. पण त्यात खिळ्यांची संख्या आणि जागा ठरलेली असते, अंदाजाने मारायचं काम नसतं.

लाकडाची मापं सांगतो, पण ही इंजिनिअरने तपासून घ्यायची सुरुवात समजा. तुळई चार बाय आठ इंच, पाखी चार बाय सहा, किंग पोस्ट चार बाय सहा, टेकू चार बाय चार, पर्लिन तीन बाय सहा, त्यांच्यावर दीड-दीड फुटावर वासे दोन बाय चार. एका कैचीला साधारण १४ घनफूट लाकूड आणि अडीचशे किलो वजन. पाच कैच्यांना ७० घनफूट. सुताराच्या सहा बाय आठने हाच आकडा दुपटीच्या जवळ जातो. वाचलेले पैसे पट्ट्या, बोल्ट आणि उधईच्या औषधावर घाला. पर्लिन बरोबर सांध्यांवर, म्हणजे टेकू जिथे पाख्याला भेटतो तिथेच बसवा. दोन सांध्यांच्या मधे पर्लिन टाकली तर पाख्याला दाबाबरोबर वाकही येतो आणि वरची मापं पुरणार नाहीत.

लाकूड कुठून आणायचं? आपण नशीबवान आहोत, बल्लारशा आणि आलापल्लीचं सागवान आपल्या दारात आहे. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठीही लाकूड बल्लारशाहूनच गेलं. पण कैचीला दारासारखं नक्षीदार लाकूड लागत नाही. तिला सरळ शिरेचं, गाठी नसलेलं, गाभ्याचं लाकूड हवं. तुळईच्या खालच्या कडेला आणि खाचेजवळ गाठ असेल तर तो नग बाजूला काढा, टेकूंसाठी वापरा. कडेला पांढुरका पट्टा दिसत असेल तर तो बाहेरचा कोवळा भाग, सागवानाचा असला तरी उधई तो आवडीने खाते. लकडगंजमध्ये घेताना प्रत्येक नग स्वतः उलटून बघा आणि बिल व वाहतूक परवान्याची प्रत मागून घ्या.

२४ फुटांच्या गाळ्याला भिंतीवरचा टेका आणि पुढचं टोक धरून २७-२८ फुटांची तुळई लागते. एवढं लांब, सरळ सागवान मिळणं अवघड आणि महागही. म्हणून तुळई दोन जोडफळ्यांची करा, दोन बाय आठच्या दोन, मधे किंग पोस्ट आणि टोकांना पाखी चिमटीत घेऊन. तसं केलं तर टोकाला खाच येत नाही, सांधा बोल्टवर येतो, तेव्हा तिथले बोल्ट हिशेबाने काढायचे. दोन्ही फळ्यांचे जोड एकाच ठिकाणी येऊ देऊ नका, आणि ऐन मध्यावर तर नकोच.

महाल, इतवारी भागात जुने वाडे पाडले जातात तेव्हा निघणारं लाकूड फार चांगलं असतं. वर्षानुवर्षं वाळलेलं, आता हलणार नाही असं. पण त्याची टोकं तपासा. भिंतीत चिणलेलं टोक बाहेरून शाबूत दिसतं. हातोडीने मधे ठोका, टणक आवाज येईल. टोकाकडे ठोकत जा, एका ठिकाणी आवाज बसका होतो. तिथे पटाशी दाबली तर ती लोण्यात शिरावी तशी आत जाते आणि बाहेर तपकिरी भुसा येतो. तेवढा भाग कापून टाकायचा आणि उरलेल्या लांबीत काय बसतं ते बघायचं. जुन्या खाचा सांध्याच्या जागी येणार नाहीत असं बघा, आणि आरामशीनवर देण्याआधी खिळे काढा.

हेच तुमच्या नव्या कामाला लागू होतं. तुळईचं टोक विटांत चिणू नका. भिंतीच्या माथ्यावर चारही बाजूंनी फिरणारा आरसीसी बीम घाला, त्यावर ओल न चढणारा थर, वर कैचीचं टोक, आणि तिन्ही बाजूंना हवा खेळायला इंचभर जागा. कापलेल्या प्रत्येक टोकाला बोरॅक्स-बोरिकचं द्रावण किंवा उधईचं औषध पाजा, खाचा पाडून झाल्यावर, आधी नाही. बांधकामाच्या पायाला उधईची प्रक्रिया केलेली नसेल तर आधी ती.

वाळवण हा नागपुरात सगळ्यात दुर्लक्षित विषय आहे. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हवा इतकी कोरडी की दारं चौकटीत खुळखुळतात, आणि जुलैत तीच दारं लागत नाहीत. ओलसर लाकडाची आठ इंची तुळई पूर्ण वाळताना उंचीत तीन-चार मिलिमीटर बसते. बोल्ट तेवढाच राहतो, म्हणजे घट्ट सांधा सैल होतो. म्हणून लाकूड १२ टक्क्यांच्या आसपास आलंय का, हे मीटर लावून बघा. हिवाळ्यात चिरून सावलीत पट्ट्या देऊन रचलं तर बरं. पावसाळ्यात चिरलेलं लाकूड थेट कैचीत नको. पहिल्या उन्हाळ्यानंतर सगळे नट पुन्हा आवळायचे, दुसऱ्या उन्हाळ्यानंतर पुन्हा एकदा. त्यासाठी नट हाताला लागतील असे ठेवा, लाकडात बुजवून वर पुट्टी भरू नका. डेझर्ट कूलरचा झोत थेट कैचीच्या टोकावर जाईल असा कूलरही बसवू नका.

वाऱ्याबद्दल. आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिलाय. उघड्या जागी त्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ११८ किलो होतो, आणि बेशाच्या बाजूला अजून मोकळे प्लॉट भरपूर आहेत. उतार, दिशा आणि उघड्या खिडक्या यांच्यानुसार त्यातला मोठा भाग छपराला वर ओढतो. कवेलूचं छप्पर स्वतःच्या वजनाने बरंचसं बसून राहतं, तरी कडेची आणि आढ्याची कवेलं तारेने बांधा. पण पुढे वानरांनी कवेलू फोडून वैताग आणला आणि तुम्ही टिनाचे पत्रे टाकले, असं इथे फार घरांत होतं, तर छपराचं वजन ३० किलोंवर येईल. मग वादळात कैचीच्या प्रत्येक टोकाला चार-पाचशे किलोंची वर ओढ निघू शकते. तेव्हा तुळईतली ओढ उलटते, ती दाबली जाते. लोखंडी सळई दाब घेत नाही, सैल पडते. ही सळईची अट: ती घ्यायची तर छप्पर कायम जड ठेवायचं, किंवा उलट्या बळाचा हिशेब आधी करून घ्यायचा. आणि कुठलंही छप्पर असलं तरी बीम ओततानाच त्यात प्रत्येक कैचीसाठी दोन १६ मिलिमीटरचे अँकर बोल्ट सोडून ठेवा. नंतर भोक पाडून बसवलेला बोल्ट तसा धरत नाही.

कैची तिच्या त्रिकोणाच्या पातळीत भक्कम असते, पण बाजूने ढकलली तर आडवी होते. दोन्ही टोकांना, भिंत आणि पहिली कैची यांच्या मधे, पाख्यांच्या खाली तिरपी लाकडं, आणि किंग पोस्टच्या पायथ्यातून सगळ्या कैच्यांना जोडणारी एक लांब पट्टी घाला. चढवताना पहिली कैची भिंतीच्या त्रिकोणाला बांधल्याशिवाय दुसरी उचलू नका. काम मेच्या मध्यापर्यंत कवेलूपर्यंत पोचेल असं आखा.

मंजुरीच्या नकाशावर हॉलचा वापर स्पष्ट लिहून घ्या. वर्ग चालणार असेल तर गर्दी होणार, इंजिनिअरला ते माहीत हवं. त्याच्याकडे जाताना कवेलूचा प्रकार, लाकूड कोणतं आणि किती वाळलेलं, भिंतीची जाडी, आणि पुढे कधी पत्रे येण्याची शक्यता, एवढं लिहून न्या. लाकडी बांधकामाचं मानक आयएस ८८३ आहे, त्याप्रमाणे तो मापं पक्की करेल.

राहिला झोपाळा. तुळईला टांगू नका. तीन-चार माणसं बसून झुलायला लागली की वजन नुसतं खाली येत नाही, पुढे-मागे हिसकेही बसतात, आणि कैची त्या दिशेला सगळ्यात दुबळी असते. सळईची तुळई असेल तर टांगण्याचा प्रश्नच येत नाही. झोपाळा हवाच असेल तर आत्ताच सांगा: हॉलच्या एका टोकाला, दोन्ही लांब भिंतींच्या बीमवर टेकणारा वेगळा लोखंडी आडवा बीम टाकून घेता येईल, आणि वरून लाकडी फळ्यांनी मढवला तर बाकीच्या कैच्यांत मिसळूनही जाईल. पंखे मात्र किंग पोस्टच्या तळाला लावायला काहीच हरकत नाही, फक्त हूक खिळ्याचा नको, आरपार बोल्टचा.